महाप्याहून आणलेला दगड

मी परक्या घरात शिरलो, शर्ट काढून खुंटीला लावला आणि आत काम करणाऱ्या बाईंना "चहा टाक, आलं जास्त घाल" असं सांगितलं, तेव्हा माझी बुद्धी पूर्णपणे ठिकाणावर होती, हे सर्वांत आधी नमूद करतो. दोष नकाशाचा होता. आमच्या वाशीच्या सेक्टरमध्ये चाळीस बैठी घरं एकाच नकाशावरून बांधलेली. तेच दार, तोच ओटा, तोच पिवळा रंग आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला तीच खुंटी. फोर्टातलं ऑफिस सुटल्यावर पुलावरून येणाऱ्या बसमध्ये दीड तास उभं राहून आलेल्या माणसाने खुंटी सापडल्यावर आणखी काय तपासायचं? चहा आला. आलं भरपूर होतं. पण चहा घेऊन आलेल्या बाई माझ्या नव्हत्या.

त्या शेजारच्या पंढरी गायकवाडांच्या मंडळी होत्या. "भाऊजी, तुमचं घर पल्याड हाय," त्या म्हणाल्या, "पण चहा घेऊन जावा." मला खरा धक्का बसला तो याचा, की मी परका आहे हे दिसत असूनही त्यांनी आधी चहा केला होता आणि मग सांगितलं होतं. बनियनवर बसून परक्याचा चहा पिताना माणसाला स्वतःविषयी काय वाटतं, हे ज्याने प्यायलाय त्यालाच कळेल.

तासाभरात ही बातमी चाळीसही घरांत पोचली. सरस्वती, म्हणजे माझी खरी बायको, फक्त एवढंच म्हणाली, "आलं जास्त आवडतं हे मला कधी बोलला नाहीत." आईने मात्र सोडलं नाही. "वामन, उद्यापासून जेवायलाही तिकडेच जा. ताटं पण सारखीच असतील मेली." माझी आई, बयाबाई भोस्तेकर, वय वर्षं सत्तर. खेडहून आमच्याकडे राहायला आल्यापासून ती या सेक्टरला 'कोंबड्यांची खुराडी' म्हणत असे आणि आज तिला पुरावा मिळाला होता.

तेव्हा घराला काहीतरी खूण हवी, हे ठरलं. मी दार हिरवं रंगवायचा विचार बोलून दाखवला. सोसायटीच्या नियमांचं पुस्तक माझ्यासमोर आपटण्यात आलं. 'घराच्या बाह्य स्वरूपात कोणताही बदल करता येणार नाही.' मग सल्ले सुरू झाले. एकाने ओट्यावर पोपट टांगायला सांगितला, दुसऱ्याने मला घराचा नंबर पाठ करायला सांगितलं. हा दुसरा सल्ला मी अपमान समजून सोडून दिला. शेवटी पंढरीच मदतीला आला. तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, गाव परभणीकडचं. त्या चहाबद्दल त्याने एका शब्दाने विचारलं नाही, त्यामुळे मला त्याच्यासमोर उभं राहणंच जड जात होतं. "भोस्तेकर," तो म्हणाला, "दार कामून रंगवता? दारासमोर कायतरी ठेवा. रंगवलेल्या वस्तूला कायदा हाय, ठेवलेल्या वस्तूला नाही."

आता इथे माझ्या कलादृष्टीविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. त्या दिवसांत, म्हणजे त्र्याऐंशी सालच्या सुमारास, रविवारच्या पुरवण्यांत 'जुन्या वस्तूंनी सजवा नवे घर' अशा छापाचे लेख येत. कुणी जात्याचा टीपॉय करी, कुणी नांगराला दिवा लावी. ते वाचून वाचून मला आपल्यातही काहीतरी आहे असं वाटू लागलं होतं. सरस्वतीच्या मते ते अपचन होतं.

पंढरी मला एका रविवारी महाप्याला घेऊन गेला. तिकडे डोंगराच्या पायथ्याशी कारखान्यांसाठी रस्ते खोदणं चाललं होतं आणि मातीचे ढीगच्या ढीग पडले होते. एका बांधाच्या टोकाला, गवतात तिरका झालेला एक दगड मला दिसला. तीन फूट उंच, वरून गोलाई घेतलेला. वरच्या भागात सूर्य आणि चंद्रकोर कोरलेले, मध्ये कलश, त्याखाली झिजलेल्या काही ओळी. खालचा भाग काळपट-तांबड्या घट्ट थराखाली गेलेला. मी तिथेच उकिडवा बसलो. एवढी सुंदर वस्तू रानात बेवारस पडलेली पाहून मला खरोखर भरून आलं.

"वरती लाल रंग लागलाय," मी म्हटलं. "कुणाचा देव तर नसेल ना?"

पंढरी हसला. "देव कसला? सर्व्हेवाल्यांची खूण हाय ती. आमच्या कारखान्याभोवती असे पन्नास दगड हायेत."

न्यू बॉम्बेत त्या काळी राहिलेल्या कुणालाही हे पटलं असतं. मोजणीवाले जिथे जात तिथे लाल रंगाचा डबा नेत. दगड, खांब, ताडाची झाडं, एकदा तर बसून राहिलेली एक म्हैस, सगळ्यांना लाल पट्टा. लाल रंग म्हणजे मोजणी, हे आम्हा नव्या रहिवाशांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की शेंदूर नावाची आणखी एक लाल वस्तू जगात असते हेच आम्ही विसरलो होतो. खालच्या थराबद्दल पंढरी म्हणाला, "डांबर आसंल." मीही म्हटलं, असेल.

तुर्भ्याहून टेम्पो आला. चौघांनी उचलून दगड माझ्या ओट्यासमोर आणला. तो लवंडू नये म्हणून पंढरीने खाली वीतभर सिमेंटचा चौथरा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरलो आणि दुरूनच मला माझं घर दिसलं. असा आनंद मला घराचा ताबा मिळाला त्या दिवशीही झाला नव्हता.

चार दिवसांत सेक्टरमधल्या बायका दगडाला हळदकुंकू वाहू लागल्या. मी त्यांना ही कलाकृती आहे, असं समजावून सांगितलं. त्या हो म्हणाल्या आणि उदबत्तीही लावू लागल्या. आई फुलं वेचून ठेवी. "तुझी कला राहू दे," ती म्हणे, "चंद्र-सूर्य आहेत, हात जोडायला काय जातं?" खालच्या तांबड्या थरावर तर कुंकवाचा सडा पडला होता.

पाचव्या दिवशी नगर वसवणाऱ्या कार्यालयाचे निरीक्षक टिपणीससाहेब टेप घेऊन आले. बारीक चणीचे, अतिशय सभ्य, आणि प्रत्येक वाक्य कागदावर उतरवण्यायोग्य बोलणारे. त्यांनी दगड मोजला, चौथरा मोजला, आणि 'ओट्यासमोर विनापरवाना पक्के बांधकाम' अशी नोटीस माझ्या हातात ठेवली. माझ्या कलाकृतीला बांधकाम म्हटलेलं मला सहन झालं नाही. मी रजा टाकून तीन पानी अर्ज लिहिला, की सदर वस्तू बांधकाम नसून अत्यंत प्राचीन शिल्प आहे, तिचं ऐतिहासिक मोल फार मोठं आहे, वगैरे वगैरे. माझ्या नोकरीत मी लिहिलेला हा सर्वांत चांगला अर्ज होता. त्याचं उत्तर दोन दिवसांत आलं. 'सदर वस्तू प्राचीन असल्यास तज्ज्ञांची पाहणी होऊन निर्णय होईपर्यंत ती जागेवरून हलवू नये. हलविल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल.' त्याची एक प्रत टिपणीससाहेबांनी स्वतः येऊन दगडाच्या चौथऱ्यावर खळीने चिकटवली. मला वाटलं, मी जिंकलो.

मंगळवारी सकाळी ओट्यावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, अनवाणी पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. ती माझ्याकडे बघतच नव्हती, दगडाकडे बघत होती. मग ती मटकन खाली बसली आणि दगडाला मिठी मारून रडायला लागली. मी दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने तसाच उभा राहिलो.

"यो माजा देव हाय," ती म्हणाली. "तीन दिस झालं, घरोघर फिरतंय. टेम्पोवाला बोलला, पिवले घरान नेला. सगलीच घरा पिवली. कुनी आनला यो?"

"मी," म्हटलं. "मला वाटलं, सर्व्हेचा दगड आहे."

"सर्व्हेला कुनी निवद दावतंय कं?" तिने विचारलं.

तिचं नाव वेणूबाई. महाप्याकडच्या गावात तिचं घर. तो दगड म्हणजे त्यांच्या शेताच्या हद्दीवरचा देव. शेत आता कारखान्यांच्या जागेत गेलं होतं, पण देव बांधावर होता. घरात लग्न निघालं की हळदीच्या आधी पहिलं आवतण या देवाला, मग बाकी जगाला. तिची नात पुतळा, तिची हळद गुरुवारी होती. वेणूबाई आवतण घेऊन बांधावर गेली तर देवाच्या जागी खड्डा.

"नवरेकडची मानसा आयकली," ती म्हणाली. "बोलतान, ज्यांचा देव हरवला त्यांची पोर आमी कशी नेवाची? गुरवारपावतर देव जाग्यावर नाय आला तं लगीन मोरलाच."

मी आजवर कुणाचं लग्न जुळवलंही नव्हतं, आणि इथे एक मोडायला निघालो होतो, तेही घर ओळखता यावं म्हणून! मी म्हटलं, "आजी, आत्ता नेऊ." पंढरीला हाक मारली. तो पहार घेऊन धावत आला आणि चौथऱ्यापाशी येऊन थबकला. "भोस्तेकर, ह्यो कागद?"

मी तसाच कार्यालयात गेलो. टिपणीससाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अर्ज आपलाच आहे," ते म्हणाले. "मागे घ्यायचा असल्यास मागे घेण्याबाबतचा अर्ज करावा. निर्णयास सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात." मी हळदीचं सांगितलं. "हळद आपल्या अर्जात नमूद नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनाच थोडी दया आली असावी. "तज्ज्ञ उद्या येत आहेत. त्यांनी अभिप्राय दिल्यास मी स्वतः फाइल पुढे नेईन."

परत आलो तर वेणूबाई आमच्या ओट्यावर आईच्या शेजारी बसून भाकरी खात होती. ती रात्र ती आमच्याकडेच राहिली. देवाला सोडून जाणार नाही म्हणाली.

बुधवारी दहा वाजता प्राध्यापक आगवेकर आले. मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे, खांद्याला शबनम, खिशात ब्रश. दगड बघताच ते इतके खूश झाले की मला माझ्या दृष्टीचा पुन्हा अभिमान वाटू लागला. तोवर ओट्यासमोर अर्धा सेक्टर जमला होता. पुढे टिपणीससाहेब फाइल घेऊन, पंढरी पहार घेऊन, बायका हळदकुंकू घेऊन. आई आणि वेणूबाई पहिल्या रांगेत पाटावर.

"खाली डांबर नाही," प्राध्यापक म्हणाले. "शेंदूर आणि तेलाचे थर आहेत. काही शे वर्षांचे. आजी, परवानगी असेल तर हा थर काढू का? खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय मला अभिप्राय लिहिता येणार नाही."

वेणूबाईने माझ्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "काढू दे. कागद सुटेल." वेणूबाईने मान हलवली.

गरम पाणी, बांबूची काडी आणि ब्रश. अर्ध्या तासाने तो थर एकदम, अख्खाच्या अख्खा सुटला आणि खाली पडला. खाली काय कोरलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्यात एक बाई होती. एक गाढव होतं. पुढचं ज्याला समजून घ्यायचंय त्याने घ्यावं. मग आठवडाभर तिथे हळदकुंकू वाहणाऱ्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी पाठ फिरवली. सरस्वतीने दोरीवरचा माझा पंचा ओढला आणि शिल्पावर टाकला. मी आयुष्यात पुष्कळदा ओशाळलोय, परक्या घरचा चहासुद्धा प्यायलोय, पण इतका कधीच नाही.

एकटे प्राध्यापक आनंदात होते. "गद्धेगाळ!" ते ओरडले आणि पंचा काढू लागले. सरस्वतीने तो घट्ट धरून ठेवला. तेव्हा त्यांनी पंचाच्या वरूनच व्याख्यान दिलं. "हजारएक वर्षांपूर्वी राजे जमीन दान देत. ती जमीन पुढे कुणी हिसकावू नये म्हणून हद्दीवर असा दगड उभा करत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकावं. मध्ये लेख. आणि खाली शाप. अक्षरं झिजलीत, पण शेवटची ओळ लागते. 'जो कोणी ही भूमी हिरावून घेईल, त्याच्या...'" इथे त्यांची नजर माझ्या आईवर गेली आणि ते थांबले.

"त्याच्या काय?" आई म्हणाली.

"त्याच्या... मातुःश्रींना," प्राध्यापकांनी पंचाकडे बोट दाखवलं.

आई सावकाश माझ्याकडे वळली. चाळीस वर्षांत तिने मला अनेक प्रकारे पाहिलंय, पण असं नाही. "वामन," ती म्हणाली, "तू मेल्या, खुणेसाठी हे आणलंस?"

"मी नुसता टेम्पो सांगितला होता," पंढरी घाईघाईने म्हणाला. "आन माझी आई वारलीय."

टिपणीससाहेबांचा चेहरा कागदासारखा झाला होता. "प्राध्यापकमहाशय," ते म्हणाले, "एक शंका. समजा एखाद्या व्यक्तीने कर्तव्य बजावताना, वरिष्ठांच्या लेखी आदेशान्वये, भूसंपादन विभागात सात वर्षं काम केलेलं असेल, तर सदर तरतूद त्याच्या मातुःश्रींना वैयक्तिकरीत्या लागू होते का?"

"तुमच्या आई कुठे असतात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"माझ्यापाशीच," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं. 'मूळ जागी ठेवणे योग्य' असा अभिप्राय प्राध्यापकांनी लिहिला आणि साहेबांनी त्याखाली उभ्याउभ्या, फाइल पंढरीच्या पाठीवर ठेवून सही केली. त्या कार्यालयातून इतका जलद निर्णय त्याआधी झालेला नसावा.

मला वेणूबाईकडे बघायची लाज वाटत होती. चाळीस वर्षं जिने पूजा केली तिच्या देवाचं आम्ही चारचौघांत हे करून ठेवलं होतं. ती उठली, सरस्वतीच्या हातातून पंचा काढून घेतला आणि शिल्प नीट, वाकून पाहिलं. मग तिने प्राध्यापकांना विचारलं, "म्हंजे जो जमीन घेल त्याला यो शाप?"

"हो, आजी."

"म्हंजे यो आमचे बाजूचा हाय."

"तसं म्हणता येईल."

"मंग इतकी वर्सा गप कं बसला?"

प्राध्यापकांनी ब्रश पुसायला घेतला. वेणूबाईच खाली वाकली, तो पडलेला थर उचलला आणि हातावर तोलला. "आमीच त्याचे तोंडावर शेंदूर थापला," ती म्हणाली. "मी, माजी सासू, तिची सासू."

आई उठून तिच्याजवळ गेली. "आणि हे घर?" तिने विचारलं. "हे कुणाच्या जमिनीवर आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?" आईला असले प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. मी तिला गप्प बसायची खूण करत होतो.

"मना काल आल्या आल्या समजला," वेणूबाई म्हणाली. "यो माजे बापाचा शेत. माजा माहेर. तुमचा वटा हाय ना, तय आमचा खला होता. भात झोडताना आमी भावंडा तय लोलाचो." खळं! मी ज्या ओट्यावर उभा होतो त्यावरून मी नकळत खाली उतरलो.

"मग शाप आम्हालाही," आई म्हणाली.

"तुमी कय घेतली जमीन? तुमाला घर दिला, तुमी आले." वेणूबाईने पदराने तोंड पुसलं. "पन माजा माहेर मातूर गेला. भाव गेला, त्याची पोरा कय कय गेली. आमचे घरान आजीनी माहेरचा लुगरा नेसून नातीला पयली हलद लावाची असते. देव तं मिलला. लुगरा कोन आननार?"

"वामन आणेल," आई म्हणाली. मला न विचारता! "खळं आमच्याकडे आहे, तेव्हा भाऊही आमच्याकडचाच."

अशा रीतीने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला पासष्ट वर्षांची बहीण मिळाली.

गुरुवारी सकाळी पंढरीने पहारीने चौथरा फोडला. दगड टेम्पोत चढवताना तो माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर टेकला, फक्त टेकला, आणि अंगठा वांग्याएवढा झाला. टिपणीससाहेब रजा टाकून आले होते आणि एका बाजूने दगडाला खांदा देत होते. मूळ खड्डा आता मुरुमाखाली गेला होता. तेव्हा वेणूबाईने चार पावलं अलीकडची, रस्त्याच्या कडेची जागा दाखवली आणि दगडाचं तोंड रस्त्याकडे करायला सांगितलं. लग्नासाठी आलेल्या गावच्या पुजाऱ्याने शेंदराची वाटी पुढे केली. तिने ती परत केली.

"याला आता शेंदूर नाय. वाचू दे सगल्यांना."

मग तिने देवाला हळदीचं आवतण दिलं. नवऱ्याकडची दोन माणसं तिथेच उभी होती. त्यांनी देव पाहिला, खालचा भागही पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी हात जोडले.

मांडवात दोनशे माणसं. मी डोक्यावर परात, परातीत हिरवं लुगडं, लंगडत उभा. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाईने गाणं मध्येच थांबवून हाक दिली, "वेनूबायचे माहेरची मानसा मोरं या!" मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, हा कोण? कुणीच विचारलं नाही. लोक बाजूला झाले. मी जाऊन लुगडं दिलं. वेणूबाई आत जाऊन ते नेसून आली, पुतळाच्या गालांना हळद लावली आणि मग तोच हात माझ्या कपाळाला लावला. "जेवल्याबिगर जाव नको, भावा," ती म्हणाली. मी अंगठ्याचं निमित्त करून खाली वाकलो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढे दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळी आठ वाजता दार वाजलं. बाहेर वेणूबाई, तेच हिरवं लुगडं नेसून, हातात ओवाळणीचं ताट. मला ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हत्या त्या तिच्यामागे ताटं घेऊन उभ्या असलेल्या आणखी सहा बायका.

"या कोण?" मी विचारलं.

"यांचीबी माहेरा इथंच हायेत," वेणूबाई म्हणाली आणि ओट्यावरून हाताने दाखवू लागली. "जाईबायचा शेत त्या कोपरेचे घराखाली. सुंदराबायचा, तो टीवीचा खांब हाय ना, त्याचे खाली. ही गिरजाबाय, हिचा आंबा होता तुमचे शेजारी."

शेजारी म्हणजे पंढरी. मी कठडा ओलांडून त्याचं दार वाजवलं. तो बनियनवर बाहेर आला. मी त्याला समजावून सांगायला सुरुवात केली, पण त्याने मला थांबवलं. गिरजाबाईकडे पाहिलं, तिच्या ताटाकडे पाहिलं, आणि आत वळून म्हणाला, "अगं, आधी चहा टाक. माझी बहीण आलीय."

नऊ वाजेपर्यंत आमचं धरून सहा घरांत पाट मांडले गेले. बायकांपैकी फक्त चांगुणाबाई उरली. ती सगळ्यांत म्हातारी, तिला नीट दिसतही नव्हतं. वेणूबाई तिचा हात धरून तिला इकडे तिकडे फिरवत होती. चांगुणाबाई पायाने माती चाचपत होती, तळ्याची दिशा विचारत होती. अखेर त्या दोघी चौकाच्या पलीकडे जाऊन थांबल्या. मी मागे होतोच. तिचं शेत टिपणीससाहेबांच्या कार्यालयाखाली निघालं.

कार्यालयाला सुट्टी होती. दाराला कुलूप. चांगुणाबाईने पायरीवर पदर पसरला, त्यावर ताट ठेवलं आणि ती बसून राहिली. "येल कोनीतरी," ती म्हणाली.

साहेब मागच्याच क्वार्टर्समध्ये राहत. मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. "भोस्तेकर," ते म्हणाले, "इमारत माझ्या नावावर नाही."

"जमीन तिच्याही नाही आता," मी म्हटलं.

आतून त्यांची आई काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मी परत येऊन पायरीजवळ उभा राहिलो. ऊन चढत होतं. चांगुणाबाई निरांजनावर हात आडवा धरून बसली होती. साडेनऊला टिपणीससाहेब आले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, एका हातात पाट, आणि दुसऱ्या हाताला धरून आणलेली त्यांची आई. त्यांनी कार्यालयाच्या पायरीवर पाट मांडला, पूर्वेकडे तोंड करून बसले आणि डोळे मिटून घेतले.